वायफाय गेलं, तरी तास झाला

मंगळवार, रात्रीच्या जेवणाआधी.

लॅपटॉप ज्यावर चालतो ते लिनक्स अपडेट केलं आणि वायफाय पुन्हा गेलं. सातला सांगोल्याच्या मुलींचा ऑनलाइन तास. यांनी चहा पिता पिता सुनावलं, "आता तरी दुसऱ्या प्रकारचं लिनक्स टाक. हे तुझं नेमकं तासालाच रुसतं." खरं आहे. गेल्या महिन्यातही वायफायच गेलं होतं. मग मी कशाची वाट पाहते?

तेवढ्यात रेणुकाचा फोन. "मॅडम, आज तास हाय का न्हाय? मी शेरडं लवकर बांधून बसलेय."

"हाय की. थांब जरा." तिच्यासारखंच बोलून गेले.

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. सुरू होताना दिसणाऱ्या यादीत अपडेटच्या आधीची आवृत्ती तशीच ठेवलेली होती. ती निवडली. वायफाय आलं. नवं घेताना हे लिनक्स जुनं फेकून देत नाही, आणि काय बिघडलं तेही लपवत नाही. दुसरीकडे हे मिळेल? कदाचित. पण मला इथे मिळालं आहे.

तास नीट झाला. रेणुकाने तीनदा शंका विचारल्या. यांना सांगितलं, बदलणार नाही.

"मग निदान तासाच्या तोंडावर अपडेट करू नकोस."

हे मात्र पटलं. यापुढे अपडेट रविवारी.