डोंगरापलीकडून आलेली फाइल

१२ फेब्रुवारी २०१८, सोमवार

उघडली नाही! शाळेतून आल्या आल्या बसले, चहासुद्धा नंतर घेतला. पांढरं पान आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी — मिळालेल्या सूचनांनुसार हा पत्ता बंद करण्यात आला आहे. कोणाच्या सूचना? कशासाठी? काही नाही.

मी वाईट काही शोधत नव्हते, हे इथे लिहून ठेवते. ज्याला दिसत नाही त्याला कॉम्प्युटरचा पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे. बनवणारे स्वतःच म्हणतात — घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या, आत काय आहे तेही उघडून पाहा. मराठी वाचतं म्हणे. रवीचे डोळे आता परत येणार नाहीत हे अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्याच दिवशी त्यांनी हा पत्ता लिहून दिला होता. सावकाश उघडू म्हणून मी इतके दिवस तो पर्समध्येच ठेवला. आता उघडायला बसले तर दार बंद.

रवी पलंगावर बसून ऐकत होता. "काय झालं ताई?" मी म्हटलं, नेट नाही.

नेट होतं.

१३ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा तेच पान. शाळेच्या नेटवरून पाहायचा मोह झाला, पाहिलं नाही. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, जोडणी सरकारी, आणि बंद केलेला पत्ता ठोठावतेय — उद्या कोणी विचारलं तर?

या गावात बहुतेक कॉम्प्युटरांवर चोरीचं सॉफ्टवेअर आहे. बसस्टँडवर भरून मिळतं. त्यावर कोणी सूचना काढत नाही. बनवणाऱ्यानं आपल्या हातानं देऊ केलेलं तेवढं बंद! यात काही तरी आहे. किंवा काहीच नाही आणि मीच वेडी होतेय.

१५ फेब्रुवारी

शंकरराव आले होते. रवी ज्या हायस्कुलात लिपिक आहे त्या संस्थेचे सचिव. ऑक्टोबरात रवीचं ते झालं, तेव्हापासून पहिल्यांदाच घरी आले. आधी आमच्या कपाशीबद्दल बोलले — बोंडअळी येणारच नाही म्हणून ते बियाणं घेतलं, आणि प्रत्येक बोंडात अळी. म्हणून फवारा, मग आणखी फवारा. डोक्याएवढी पऱ्हाटी, त्यात शिरून रवी फवारत होता आणि वारा फिरला, औषध सगळं डोळ्यांत. हे सगळं त्यांनी आम्हालाच सांगितलं, आम्हाला माहीत नसल्यासारखं.

मग मुद्द्यावर आले. "कायद्यानं काढता येत नाही, मले मालूम हाय मॅडम. पण काम तं दिसलं पाह्यजे ना? पाच मार्चले कमिटी बसते. रवीनं येऊन कॉम्प्युटरवर काम करून दाखवावं. जमलं तं खुर्ची त्याचीच. नाही तं मंग घरीच बसा, आपण पाहू काही."

त्यांचा भाचा डिसेंबरपासून ऑफिसात 'मदतीला' येतो. कोणाच्या खुर्चीवर बसत असेल?

जाताना हसून म्हणाले, "डोळ्याबिना कॉम्प्युटर? पाहू बुवा!"

रवी म्हणाला, "साहेब, तुमच्या हायस्कुलात लाइट कवा राहे? अंधारात तं मी अगोदरबी टायपिंग करत होतो."

आई स्वयंपाकघरात हसली. ते हसले नाहीत.

१८ फेब्रुवारी, रविवार

शेवटी कलीमच्या दुकानात गेले. बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान, मागे घर. फारशी ओळख नाही. रवीचा मोबाइल एकदा तिथे दुरुस्त केला होता, एवढंच.

त्यानं एकामागून एक वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घालून पाहिली. सगळीकडे तेच पांढरं पान. मग म्हणाला, "मॅडम, एक ॲप टाकून देतो. आपण बसलो सोनाळ्यात, पण त्या साइटले वाटते आपण हॉलंडात बसलो."

"हे चालतं का?"

"चालते म्हंजे? गावातले सारे पोट्टे वापरतात."

"ते काय पाहायला वापरतात, मला माहीत आहे."

कलीमचे कान लाल झाले! नको म्हटलं. मी जिथे बसले आहे तिथेच बसले आहे, हॉलंडात नाही. दाराला खोटं नाव सांगून आत जाणं मला जमायचं नाही.

मग त्यानं मेव्हण्याला फोन लावला. अकरम, बुऱ्हाणपूरला असतो. "ए अकरम, एक साइट खोल के देख रे." आणि काय — तिथे उघडली! पहिल्याच दमात. मध्य प्रदेशातलं नेट वेगळं धरतात, तिथपर्यंत सूचना पोचलेल्या नसाव्यात, असं कलीमचं म्हणणं.

सातपुडा ओलांडला की बंदी संपते? मग ती बंदी होती कशावर — फाइलीवर की आमच्यावर?

अकरम उतरवून घेईल, इकडे एका लग्नाला येणार आहे तेव्हा पेन ड्राइव्हमध्ये आणेल. यात खोटं काही नाही. तिथे ते उघडंच आहे. असं मी रस्ताभर स्वतःला सांगत आले.

२० फेब्रुवारी

कलीमनं आज रस्त्यात विचारलं, "भाऊच्या कॉम्प्युटरवर शाळेचे कागद हायत का?" त्याला काय करायचंय? आणि काय द्यायचं विचारलं तर "राहू द्या मॅडम." दुकानदार माणूस एवढी खटपट उगीच करेल?

२१ फेब्रुवारी

पेन ड्राइव्ह आला. आई म्हणाली, "एवढुशी चीज आणाले मानूस डोंगर उतरून आला व!"

फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली, पण चालवली नाही. बनवणाऱ्यांनीच सांगितलंय — दुसऱ्याच्या हातून घेतलीत तर आधी पडताळा. प्रत्येक फाइलीची गणितानं चौसष्ट अक्षरांची एक खूण निघते. आत एक ठिपका बदलला तरी सगळी खूण बदलते. खूण जुळली तर फाइल अस्सल; कोणाच्या हातून आली याला मग महत्त्व नाही. मला हे फार आवडलं. माणसावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

पण खरी खूण कुठे छापलेली? त्याच बंद साइटवर!

पुण्याला दयारामला फोन केला. बी.एस्सी.ला बरोबर होता. त्याच्याकडे नेट दिल्लीच्या कंपनीचं, तिथे उघडते म्हणाला, शनिवारी वाचून दाखवतो. आणि वर — "धम्मशीला, तू अजून तशीच! प्रयोगवहीवर शाई सांडली तर तीही नोंदवणारी."

२४ फेब्रुवारी, शनिवार

जुळली नाही.

दयाराम एकेक अक्षर वाचत होता, मी पडद्यावर बोट ठेवून. पहिलंच वेगळं. दुसरंही. पुन्हा वाचायला लावलं. सगळीच वेगळी.

रवीला काही न सांगता तशीच दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं उभी होती. थांबायला हवं होतं. थांबले नाही. "यात काही मिसळलंय का?" म्हटलं.

"मिसळलं? मॅडम, ते का दूध हाय?"

गिऱ्हाइकं हसली. कलीमही हसला, आणि मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मी कायले मिसळू?" एवढंच म्हणाला. शाळेचे कागद का विचारले, तेही मी विचारून टाकलं. "नवीन काही टाकायच्या अगोदर कागद दुसरीकडे ठेवा, हे सांगणार होतो," तो म्हणाला. पेन ड्राइव्ह माझ्या हातातून घेतला, फडक्यानं पुसला, खणात टाकला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "बोला" म्हणाला.

घरी रवीला सगळं कळलंच. "ताई, शक त्या फायलीवर हाय का त्याच्यावर हाय?"

मी म्हटलं, फाइलीवर.

खरंच? फवारणीचं औषध मी तपासलं नव्हतं. बियाणंही नाही. पाकीट बंद होतं, शिक्का होता, पावती होती — तेवढ्यावर विश्वास ठेवला, आणि रवी आज भिंतीला हात लावत चालतो. आणि फाइल आणून देणाऱ्याचं नाव दुसरं काही असतं तर चार लोकांसमोर मी असं विचारलं असतं का? अकोल्याला खोली शोधत होते तेव्हा एका बाईंनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. मग खोली भाड्यानं गेली म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला पाठ आहे. आज तो चेहरा माझा होता.

२५ फेब्रुवारी

दयारामचा सकाळीच फोन. "अगं, घोळ झाला. गुरुवारी नवी आवृत्ती आलीय, मी तिची खूण वाचली. तुझी फाइल आधीची आहे. घे, ही ऐक."

फाइल मी अजून उडवली नव्हती. विश्वास नव्हता तर ठेवली कशाला, हेही एकदा स्वतःला विचारायला हवं.

चौसष्टच्या चौसष्ट जुळली!

चपला नीट न घालता दुकानात गेले. कलीम म्हणाला, "चला, सर्टिफिकेट भेटलं मले!" गिऱ्हाईक एकही नव्हतं. आरोप भरल्या दुकानात केला, माफी रिकाम्या दुकानात. तीही धड मागता आली नाही. आतून त्याच्या बायकोनं, कौसरनं, हाक मारली — "बैठो ना मॅडम, चाय घ्या." मी बसले, चहा छान झालाय म्हणाले, आणि उठून आले.

याचं काही तरी करायला हवं. चार लोकांसमोर.

२७ फेब्रुवारी

घरात चौथा माणूस आलाय. रुक्ष, नाकातून बोलणारा, स्वल्पविरामसुद्धा वाचून दाखवणारा. आई दचकलीच — "कोन व हा मानूस? याले कोनी आत घेतलं?"

रवी दिवसभर कॉम्प्युटरपाशी. कळ दाबली की अक्षर बोलतं. आधी स्वतःचं नाव लिहिलं, ऐकलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग आवाज इतका जलद केला की मला एक शब्द कळेना, त्याला सगळं कळतंय! आई म्हणाली, "जराशी सास तं घेऊ दे त्याले." रवी हसला. मोठ्यानं. पऱ्हाटीतून उचलून आणलं त्या दिवसापासून मी हे हसणं ऐकलं नव्हतं.

३ मार्च

सराव. पगारपत्रक, दाखला, शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र. चुका होतात, आवाज सांगतो, तो सुधारतो.

शंकररावांचा भाचा दारावरून दोनदा गेला. आवाज ऐकायला?

५ मार्च, सोमवार

झालं! अर्धी रजा टाकून गेले होते. टेबलामागे शंकरराव, मुख्याध्यापक आणि संस्थेचे अध्यक्ष नारायणराव — वय झालेलं, कमी ऐकू येतं त्यांना. रवीनं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आधी ते सॉफ्टवेअर चढवलं, मग पत्र लिहिलं, पगारपत्रकातली बेरीज तपासली, आणि मुख्याध्यापकांनी मुद्दाम घातलेली चूक काढून दाखवली. नारायणराव कानावर हात धरून पुढे वाकले — "लेका, हे मशीन तुयाशी बोलते का तू त्याच्याशी?" "दोघंबी बोलतो साहेब, फक्त भांडत नाई."

खुर्ची राहिली. नारायणरावांनी तिथेच सांगितलं.

मग शंकरराव म्हणाले, "हे आणलं कुठून पण? मी पाह्यलं तं साइट बंद दाखवते."

त्यांनी शोधून पाहिलं होतं तर! रवीनं माझ्या दिशेनं मान वळवली. नातेवाइकानं दिलं, एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण मला हेच हवं होतं — चार लोक, भरलेली खोली. उभी राहून म्हणाले, "बसस्टँडवरच्या कलीमभाईंनी. बुऱ्हाणपूरहून मागवून दिलं. त्यांच्यामुळे हे झालं." मोठ्यानं म्हणाले, नारायणरावांनाही ऐकू जाईल असं.

"हाव का? कलीम?" शंकरराव म्हणाले. "बुऱ्हाणपूरहून."

किती हलकं वाटलं!

६ मार्च

कलीमला सांगून आले. खूप खूश झाला. भाऊला सलाम सांगा म्हणाला. मग हातातला स्क्रू पिळता पिळता — "कमिटीत माह्यं नाव घेतलं तुमी?" स्क्रू खाली ठेवून, "बरं." लाजला असेल.

९ मार्च

सकाळी कौसर दारात. काल दुपारी साध्या कपड्यातले दोघं पोलीस आले. दुकानातला कॉम्प्युटर नेला, पेन ड्राइव्ह नेले, कलीमला नेलं. रात्रभर आला नाही. बंद केलेला माल सरहद्दीपलीकडून आणून गावात पसरवतो, असं म्हणाले. शटरला कुलूप आहे, ते तिच्या घरचं नाही.

आवाज चढवला नाही तिनं. "मॅडम, भाऊची नोकरी राह्यली, अच्छा झालं. फक्त एवढं सांगा — नाव कोनं सांगितलं?"

मी म्हटलं, "मी."