अठ्ठ्याहत्तर टक्के

२ मार्च, सकाळी ७
निश्चय: गच्चीवरची सोलर यंत्रणा मी स्वतः बसवणार. रोज दुपारी दोन ते पाच वीज जाते आणि हिचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडतं. तेवढे तीन तास सिलिंडरवर काढायचे. हिची छाती आणि वीज कंपनी, दोघींचाही भरवसा नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, तीही कुणी न शिकवता. केसाएवढ्या स्प्रिंगांशी संसार केलेल्या माणसाला बोटाएवढ्या वायरी काय जड? व्हिडिओ बघून अख्खी वही भरली आहे. आठ दिवसांत काम फत्ते.

५ मार्च
मेहुणा येऊन गेला. जन्मभर वायरमन होता, त्यामुळे त्याला सगळीकडे शॉर्टसर्किट दिसतं. म्हणाला, दाजी, पाण्याच्या टाकीची सावली दुपारी पॅनलवर येणार, जागा बदला. मी म्हटलं, सहापैकी एकावर येते, बाकीचे पाच काय झोपा काढणार? तर म्हणे, सगळे एका माळेत आहेत, एक दबला की सगळे दबतात. पण जागा बदलायची तर चौकट नव्याने ठोकायला हवी. चौकट मी लेव्हल लावून ठोकली आहे. टाकीच हलवावी. बघू.

११ मार्च
आठ दिवस झाले. घाईची कामं माझ्या हातून होत नाहीत, हा माझा गुणच आहे.
चार बॅटऱ्या लागतात. दोन नव्या आणल्या. दोन आपल्या घरच्या, दिव्यापंख्याच्या जुन्या इन्व्हर्टरच्या. पुसल्या, पाणी घातलं, चकचकीत झाल्या. मेहुणा फोनवर ओरडला की जुनी नि नवी एका ओळीत जोडायची नसते. जुनीचा दम आधी संपतो, ती नवीलाही खाली बसवते. मी म्हटलं, सहा वर्षं सेवा केलेल्याला असं घराबाहेर काढायचं? आतून ही म्हणाली, बॅटरीबद्दलच बोलताय ना?

१४ मार्च, दुपारी २.१०
सुरू! वीज गेली आणि मशीन क्षणभरही थांबलं नाही. इन्व्हर्टरच्या पडद्यावर बॅटरी ७८ टक्के. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. (ही म्हणते, ड्रिलची धूळ गेली.)

त्याच दिवशी, ३.२०
बंद. सिलिंडर लावला. पहिल्या दिवशी कुठलंही यंत्र बुजतं.

१९ मार्च
यंत्रणा चालते ती वेळ: परवा सव्वा तास, काल सव्वा तास, आज पन्नास मिनिटं. पडदा शेवटपर्यंत ७८ टक्के दाखवतो आणि एकदम काळा होतो. म्हणजे बॅटरी भक्कम आहे. समोर दोन घड्याळं लावून पाहिली. दोन्ही पुढे जातात असं वाटतं. उघडून बघायला हवीत.

२३ मार्च
नवी कटकट. इन्व्हर्टर मधूनच बीप बीप करतो. ही दचकते, मग श्वास आणखी लागतो, मग मला हाका. शांतपणे समजावलं: बीप म्हणजे काम चालू असल्याची खूण. घड्याळ टिकटिक करतं, तसं. घाबरायचं नाही, हाक मारायची नाही. पटलं तिला. पन्नास वर्षांत माझं इतक्या चटकन पहिल्यांदाच पटलं.

२६ मार्च
सिलिंडर दुकानात परत दिला. तो डोळ्यांसमोर असला की ही सोलरवर भरवसाच ठेवत नाही. जरा खुट्ट झालं की, आधी तो लावा. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, आईवर कसले प्रयोग चाललेत? पोरीला प्रयोग आणि व्यवस्था यातला फरक कळत नाही. सिलिंडरचं तिला बोललो नाही. मेहुण्यालाही नाही. त्याला बोटं मोडायला तेवढंच निमित्त.

२९ मार्च, संध्याकाळी ६
दुपारी दोनला वीज गेली. पडद्यावर ७८. अडीचच्या सुमाराला टाकीची सावली पॅनलवर सरकली. वर जाऊन पॅनल पुसले, धुळीनेही फरक पडतो. वीसेक मिनिटं गेली असतील.
खाली आलो तर पडदा काळा. हिचं मशीन वीज तुटल्याचा इशारा देत बीप बीप करत होतं आणि ही खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ताठ बसली होती. ओठ निळे. हाक मारली नव्हती.
मेहुण्याला फोन केला. तो दवाखान्यातून सिलिंडर उचलून अकरा मिनिटांत आला. ती अकरा मिनिटं घड्याळ बरोबर चाललं होतं.
आता ठीक आहे. ओठांचा रंग परतला. मला एवढंच म्हणाली, बीप चालू होता, म्हणून बसून राहिले.
मी इन्व्हर्टरच्या बीपबद्दल सांगितलं होतं, मशीनच्या नाही. ते वेगळं सांगायचं राहिलं.

३० मार्च
मुलगी आली. तिच्याकडे वीज जात नाही. हिची बॅग भरली, मशीन गाडीत ठेवलं. मेहुणा गाडीपर्यंत आला, मला बाजूला सारून सिलिंडर त्यानेच आत ठेवला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हिला म्हटलं, आठ दिवस दे, टाकी हलवतो, चारही बॅटऱ्या नव्या घालतो. ही काचेतून म्हणाली, जुनं काढून टाकणं तुम्हाला जमायचं नाही.
बॅटरीबद्दलच म्हणाली असावी.

७ एप्रिल, संध्याकाळी ५.०५
यश! दोन ते पाच वीज नव्हती आणि यंत्रणा एकदाही बंद पडली नाही. टाकी तिथेच, बॅटऱ्या त्याच. पडद्यावर पहिल्यांदाच १०० टक्के. मेहुण्याला दाखवायला फोटो काढून ठेवला.
लगेच हिला फोन केला. म्हटलं, पूर्ण तीन तास चालली. तिने विचारलं, काय काय चाललं तिच्यावर?
म्हटलं, हॉलमधला दिवा.
तोही लावायचा राहिला होता, ते काही बोललो नाही.