पहिले आठ सेकंद

सोमवार, ३ मार्च १९५२

लूशसला लष्कराचं पत्र आलं. सतरा तारखेला हजर व्हायचं. म्हणजे दोन आठवडे.

गाणं अजून अर्धंच. शब्द थर्मनचे, माझ्या धाकट्या भावाचे – 'तिसऱ्या मजल्यावर दिवा'. बेताचे आहेत. आज दुपारी थर्मन, लूशस धरून गाणारे पाचही जण आमच्या जिन्यात जमले. प्रत्येकाची पायरी ठरलेली. लूशस सगळ्यांत खाली, टपालपेट्यांशी. बाकीचे चालीवरून भांडत होते आणि हा आपला एकटाच खर्जात काहीतरी घोळवत होता. डुम, डुम-डी, डुम.

मी वरून म्हटलं, "शेवटचा डुम जरा उशिरा घे. आणि गाणं तुझ्या एकट्याच्या खर्जावरच सुरू करा."

"आल्या इंजिनियरबाई," थर्मन म्हणाला.

लूशसने तसं गाऊन बघितलं. भांडण थांबलं. गाणं झालं म्हणायचं.

गुरुवार, ६ मार्च

रेकॉर्ड कंपनीचे मि. डोनेली शिकागोला गेलेत, एकवीसला परततील. थर्मनला म्हणाले, "तबकडी आण, ऐकतो." तोवर लूशस गेलेला असेल. म्हणजे तो आहे तोवरच कोरून घ्यायला हवी.

मी १२५व्या रस्त्यावरच्या दुकानात हेच करते – लोकांचे वाढदिवसाचे निरोप तबकडीवर कोरून देते. मालकांनी शनिवारी दुपारचा एक तास दिलाय. कोऱ्या तबकड्या दोनच उरल्यात. नव्या महिनाअखेरीला.

शनिवार, ८ मार्च

सपाट जमिनीवर उभे राहिले आणि सगळं बिघडलं. जिना नाही, आवाज घुमत नाही, एकाला दुसऱ्याचं ऐकू येईना. शेवटी गोदामातली खोकी आणून पायऱ्या रचल्या. ज्याची त्याची पायरी मिळाल्यावर सूर लागला.

माइक एकच. पहिली तबकडी आठव्या सेकंदाला गेली. लूशसचा खर्ज इतका जोरात आला की कोरणारी सुई दोन रेषांमधली भिंत तोडून शेजारच्या रेषेत घुसली. माझी चूक. अंतर आधी मोजायला हवं होतं.

मग त्याला तीन फूट मागे नेलं. म्हटलं, भिंतीकडे तोंड कर.

"पाठ करून गाऊ? माझं तोंड बघवत नाही का तुला, ओझेला?"

"सुईला सोसत नाही."

"सुईला म्हणे."

बाकीचे हसले. मी यंत्राकडे बघत होते.

दुसरी तबकडी – दोन मिनिटं एकतीस सेकंद. नीट आली. पहिलीचं काय केलं, थर्मनने विचारलं. टाकली, म्हटलं.

मंगळवार, ११ मार्च

ही तबकडी बाजारातल्या रेकॉर्डसारखी कडक नसते. वर मऊ रोगणाचा थर असतो. प्रत्येक वेळी सुई थोडा आवाज खरवडून नेते. वीस वेळा वाजली की संपली. मी वेष्टनावर लिहून ठेवलं होतं – वाजवलीत की एक रेघ मारा.

तीन दिवसांत नऊ रेघा! न्हाव्याच्या दुकानात तीन. चर्चमधल्या मावशीबाईंकडे दोन. बाकी कुठे ते थर्मनला आठवतही नाही. "लोकांनी ऐकायचंच नाही तर गायलो कशाला?"

काढून घेतली. लूशसच्या आईकडे, मिसेस पेटीफर्डकडे ठेवून आले. त्यांच्याकडे ग्रामोफोन नाही.

सोमवार, १७ मार्च

लूशस गेला. सगळे बसपर्यंत गेले होते. मी कामावर होते. तो जाताना दुकानात डोकावला. जुलैत रजा मिळेल म्हणाला. मी म्हटलं, बरं.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी तबकडी आणायला गेले. रेघा नऊच. पण बाहेरची कड, गाणं जिथून सुरू होतं ती, करडी पडलेली. टेबलावर ग्रामोफोन – खालच्या बिऱ्हाडातून मागून आणलेला, सुई गंजकी.

"त्याचं तेवढंच ऐकते, पोरी," मिसेस पेटीफर्ड म्हणाल्या. "कामाला निघताना, आल्यावर. मग उचलते. बाकीच्यांना हातही लावला नाही. जपूनच वापरली."

मी थँक यू म्हटलं.

दोन वाजता मि. डोनेलींकडे. आधी नुसती खरखर, मग स्वच्छ गाणं – भिंतीकडे तोंड केलेला लूशस त्यात दबलेला. त्यांनी दोनदा ऐकलं.

"पोरा, तुझ्या गळ्यात काहीतरी आहे. पण खर्ज कुठाय?"

"तो जुलैत येतोय. तोवर थांबा ना," थर्मन म्हणाला.

"ऐकू आला असता तर कदाचित थांबलोही असतो. न ऐकलेल्या माणसासाठी कसा थांबू? आमच्याकडे खर्जवाला आहे. पुढच्या शुक्रवारी या."

थर्मनने माझ्याकडे बघितलं. मी तबकडी वेष्टनात घालत होते.

बाहेर आल्यावर म्हणाला, "काहीतरी बोलायचं होतंस."

"काय बोलायचं होतं?"

शुक्रवार, २८ मार्च

रेकॉर्डिंग झालं. कंपनीचा खर्जवाला सुरात पक्का. फक्त शेवटचा डुम वेळेवर घेतो. उशिरा घ्या, म्हटलं.

"बाई, बारा वर्षं गातोय मी."

वेळेवरच राहिला.

शनिवार, २९ मार्च

पहिली तबकडी मी टाकली नव्हती. इथेही 'टाकली, म्हटलं' एवढंच लिहिलंय.

दुकानातल्या माझ्या खणात होती, वेष्टनावर एकही रेघ नसलेली. आठ सेकंद स्वच्छ आहेत – माइककडे तोंड करून गातोय तो. एकवीस तारखेला त्या खणापासून मी दहा मिनिटांच्या अंतरावर होते. आणली असती तर का ठेवली तेही सांगावं लागलं असतं.

आज मिसेस पेटीफर्डकडे नेली. नवी सुई बसवली. आठव्या सेकंदाला सुई तुटलेल्या भिंतीतून मागे आली. परत मागे आली. डुम. डुम. डुम.

"हा थांबतच नाही की," त्या म्हणाल्या.

"उचलेपर्यंत नाही."

दोघींपैकी कुणीच उचलली नाही.