फळ्यांमधली फट

प्रिय शिडीराव,

पत्र बघून हसशील. खिशात फोन असताना चार पानं कोण खरडतं, असं आमच्या घरातही विचारून झालंय. पण तू माझा फोन उचलत नाहीस. उचललास तरी मी लाकडाबद्दल बोलेन, तू ‘हं, हं’ करशील आणि दोघंही सुटलो बुवा म्हणून फोन ठेवू. म्हणून कागद घेतला. आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी गोल गोल फिरत बसेन. तू परत माझ्याकडे कामाला यावंस, असं मला वाटतं. माझ्या लेकीचा नवरा म्हणून नाही. ते संपलं, त्याला दीड वर्ष झालं. पण घटस्फोट तिच्याशी झाला आणि त्याच आठवड्यात तू कारखान्यातली तुझी हत्यारंही पोत्यात गुंडाळून नेलीस. मला का सोडलंस, हे विचारायचं तेव्हा धाडस झालं नाही. तू मान खाली घालून गेलास. तुझ्या उंचीच्या माणसाला आमच्या दारातून तसंच जावं लागतं, अशी मी माझी समजूत घातली.

काम काय आहे ते ऐक. दातांच्या डॉक्टरीणबाई आठवतात ना? दाढ काढताना मी ज्यांच्या खुर्चीचा हात उपटला आणि नंतर फुकट बसवून दिला, त्याच. त्या निवृत्त झाल्या. लोक निवृत्त झाले की कुंड्या आणतात, बाईंनी लिलावातून एक जुना लष्करी ट्रक आणला. इंजिन मेकॅनिकने ठणठणीत करून दिलंय. मागचा लाकडी हौदा मात्र हात लावला की भुसा. तो सगळा नव्याने, पण अगदी होता तसाच करायचा, असं काम माझ्याकडे आलं. खाली आडव्या तुळया, त्यांवर लांबच लांब फळ्या, दोन्ही बाजूंना जवानांना बसायची घडीची बाकं आणि मागे उघडणारा फाळका. बाई रोज येऊन डोकावतात आणि किडका भाग दिसला की अजूनही विचारतात, ‘हे भरून निघेल, की काढावंच लागेल?’

हिरवा रंग खरवडला तर खाली आणखी पाच-सहा रंग निघाले. बाकांच्या कडा मात्र रंगाखालीही गुळगुळीत, बसून बसून झिजलेल्या. त्यांवर मी किती वेळ हात फिरवत होतो कोण जाणे. कोण तिथे बसून गेलं आणि त्यांतलं कोण परत आलं, हे आता कोणाला विचारणार? त्यातली एक फळी धड होती, ती मी तशीच ठेवली. तू असतास तर आपण त्यावरून वाद घातला असता आणि तू ऐकल्यासारखं करून तुझंच खरं केलं असतंस.

आता माझी फजिती. हौद्यातल्या जुन्या फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट होती. मी म्हटलं, लढाईच्या घाईतलं काम हे, ठोकली फळी, निघाली गाडी. आपण काय तसले सुतार? जन्मभर जेवणाची टेबलं केलेली माणसं आपण. मी फळीला फळी अशी भिडवली की पत्त्याचं पान शिरणार नाही. बाईंना बोलावून दाखवलं, यथेच्छ भाव खाऊन घेतला. त्यांनी हौसेने ट्रक घरी नेला, पाइप लावून धुतला आणि अंगणात उभा केला. वर दोन दिवस पाऊस लागला. आठवड्याने मला बोलावणं आलं. फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या. फुगायला जागा नाही म्हणून मधून उचलल्या गेल्या होत्या आणि जाता जाता बाजूही बाहेर ढकलल्या होत्या. फाळक्याच्या कड्या काही केल्या जुळेनात. बाई आत वाकून बघत म्हणाल्या, ‘दात दाटीने आले की असंच होतं.’ मी तोंडात मारल्यासारखा उभा! उघड्यावर राहणाऱ्या लाकडाला हलायला जागा लागते, हे त्या घाईतल्या सुतारांना कळत होतं आणि मला या वयात कळलं नाही.

ट्रक परत कारखान्यात आणला आणि दोन दिवस मी त्या हौद्यात नुसता बसून होतो. खरं सांगू का, फळ्यांचा विचार करत नव्हतो. लग्नाआधी तू सहा वर्षं माझ्याकडे काम केलंस. तुझा हात एवढा चांगला की, हा उद्या स्वतःचं दुकान काढणार, अशी मला कायम धास्ती असायची. लेकीला तू आवडतोस हे दिसलं तेव्हा मला जो आनंद झाला, त्यातला तिच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मी कधी तपासलं नाही. तुम्ही भाड्याने जागा बघत होतात. मीच म्हटलं, कशाला, कारखान्यावरची खोली आहे की. सकाळी जिना उतरलास की तू माझा. जेवायला सगळे एकाच टेबलाशी, आणि तिथेही बोलणं बिजागऱ्यांचं. सुटीच्या दिवशी तुम्ही फिरायला निघालात की मी खालून हाक मारायचो, ‘जरा पाच मिनिटं धर रे.’ ती पाच मिनिटं दुपारपर्यंत चालायची. लेक चपला घालून जिन्यात उभी राहायची आणि मग परत वर जायची. तुला नाही म्हणता आलं नाही, ते जाऊ दे. मला दिसत होतं, तरी मी हाक मारत राहिलो.

तुमची भांडणं झाली की मी तुझी बाजू घ्यायचो आणि वर स्वतःला मोठा न्यायी सासरा समजायचो. शेवटी शेवटी ती मला म्हणाली होती, ‘बाबा, तुम्ही मला नवरा नाही बघितलात, स्वतःला मुलगा बघितलात.’ मी तिला उद्धट म्हणालो. तुमचं का मोडलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक. सगळा दोष डोक्यावर घेऊन मला महात्मा व्हायचं नाही. पण त्यात माझा वाटा होता आणि तो मी तुझ्याजवळ लेखी कबूल करतो. तिच्याजवळ तोंडी केला. ती बराच वेळ माझ्या शर्टावरचा भुसा झटकत बसली.

आता सगळ्या फळ्या उचकटायच्या, कडा तासायच्या आणि फट ठेवून परत बसवायच्या आहेत. बहात्तर गोल डोक्याचे बोल्ट. एकाने खाली पडून नट फिरवायचा, दुसऱ्याने वर डोकं दाबून धरायचं, नाहीतर दोन्ही एकत्र गरगर फिरतात. शेजारचा टायरवाला मदतीला आला. तीन बोल्टांत त्याने माझ्या दोन बोटांची सालं काढली आणि तेवढ्या वेळात आपल्या साडूचं अख्खं पुराण ऐकवलं. आपण दोघं कसे करायचो! एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे आवळ. अख्खी दुपार एक शब्द न बोलता जायची आणि करमायचंही. असं गप्प बसता येणारं दुसरं माणूस मला मिळालं नाही. तुझी फार आठवण येते रे. हे लिहायला मला सोपं गेलेलं नाही.

आणि आता, ज्यासाठी कागद काढला ते. पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न आहे. तो शाळेत भूगोल शिकवतो. भला माणूस आहे. खिळा दिला तर अंगठा ठोकून घेईल, पण तिचं बोलणं पूर्ण ऐकतो. राहायला दोन तासांवरच्या गावी जाणार आहेत. तिथे माझी हाक पोचत नाही, हे तिने मोजूनच बघितलं असणार. ही बातमी तुला बाहेरून कळू नये, माझ्याकडून कळावी, असं तिचं म्हणणं होतं आणि माझंही. तुला लागेल, मला माहीत आहे. पत्र बाजूला ठेव, चार दिवसांनी पुन्हा वाच. मी बिचकत बिचकत तिला विचारलं, की त्याला परत कामाला बोलावलं तर तुला चालेल का. वाटलं, आता चिडणार. ती कपाट रिकामं करत होती. मागे न बघता म्हणाली, ‘तो आधी तुमच्याकडेच आला होता, बाबा. बोलवा त्याला. फक्त सहा वाजले की घरी सोडत जा.’ सोडेन रे. शब्द देतो.

तुझाच,
मिस्त्री