झोपेतले हात

निघोजे, बुधवार संध्याकाळ

अजून माझेच हात बघत बसलोय.

पित्ताचा त्रास म्हणून वैद्यांकडे गेलो. बायको संगीता बरोबर होती. वैद्य म्हणाले, "औषधाआधी तुमची प्रकृती कळू द्या. भूक कधी लागते?" म्हटलं, कंपनीत जेवणाची सुट्टी झाली की. ते हसले नाहीत. "झोप?" मी ऐटीत सांगितलं, "एकदम गाढ. मी कफ प्रकृतीचाच असणार!"

बायको म्हणाली, "गाढ कुठली? झोपेत यांचे दोन्ही हात चालतात. बोल्ट आवळल्यासारखे."

बोल्ट! शिफ्टभर असेंब्ली लाईनवर तेच करतो, पण झोपेतसुद्धा? आणि मला पत्ताच नाही?

वैद्य म्हणाले, "तुमची मूळ प्रकृती कफाची असेलही. पण शिफ्टच्या जागरणांनी तिच्यावर वात चढून बसलाय."

रिक्षात तिला विचारलं, "हात चालतात तेव्हा तू काय करतेस?"

"धरून बसते. थांबले की झोपते."

"रोज?"

"अहो, तुमची शिफ्ट सुटली की माझी सुरू होते."

हे काय ऐकलं मी? वैद्यांनी माझी नाडी किती वेळ धरली होती. शेजारी बसलेल्या संगीताची बघावी, हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही.