शेपटीवर बसलेलं लिबरेटर

कॉर्नवॉल, रविवार

सेड्रिकराव यांस बेसिलचा मनापासून नमस्कार,

गुडघा काय म्हणतोय? वहिनींचे गुलाब तिकडच्या थंडीत तगले का? इकडे सगळे ठीक, म्हणजे आज ठीक. काल सकाळी तसं लिहिता आलं नसतं.

सासूबाई जानेवारीत गेल्या आणि तुमच्या वडिलांनी तोंडच मिटलं, हे तुम्ही जाणताच. चहा हवा असला तरी मान हलायची, नको असला तरी तीच मान, तशीच. तुमची लाडकी बहीण थेल्मा उशीत तोंड खुपसून रडायची (आमच्या भिंती पातळ, त्यांनाही ऐकू जात असणार). शेवटी तिनंच ठरवलं, युद्धात बाबा ज्या लिबरेटर विमानांची देखभाल करायचे, त्यातल्या एकाचं छोटं मॉडेल मी बांधायचं आणि आमच्या मॉडेलवाल्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात ते त्यांना दाखवायचं. त्यानं तरी बोलतील. "यात घोळ घातलास ना, तर बघ," एवढंच ती म्हणाली.

मी जीव ओतला हो. चारही इंजिनं, इवल्याशा मशीनगनी (एक गालिच्यात पडली ती गेलीच). पण या विमानाचं एक चाक नाकाखाली असतं, म्हणून धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात शिसं भरावं लागतं, नाहीतर ते मागे कलंडतं. आमच्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. मी मासेमारीच्या गळाचं शिसं आणून बशीत काढूनसुद्धा ठेवलं होतं. काल हॉलमध्ये विमान टेबलावर ठेवलं, तर नाक आढ्याकडे आणि शेपूट टेबलावर. शिसं घरी, बशीतच.

दारातून थेल्मा बाबांना हाताला धरून आत येत होती. दुसरीकडून परीक्षक पेनरोजबाई टॉर्च घेऊन टेबलामागून टेबल जवळ येत होत्या. मी घाईघाईनं पुढचं चाक झटपट सुकणाऱ्या गोंदानं टेबलाच्या फळीला चिकटवलं. त्या गोंदाची वाफ काचेवर बसते (हेही शेंबडं पोर जाणतं). वैमानिकाच्या खिडकीत बघता बघता मोतीबिंदू झाला. वर ते चाकही सुटलं आणि शेपूट पुन्हा खाली.

बाबा आले, वाकले, बघत राहिले. पेनरोजबाईंनी टॉर्च विझवला. थेल्मानं माझा दंड असा आवळला की अजून काळानिळा आहे. बाबांनी शेपटीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"गाढवा, खालचा टेकू कुठाय?"

खरं लिबरेटरही मागे जास्त माणसं चढली की असंच बसायचं म्हणे, आणि शेपटीखाली टेकू लावायचं काम बाबांचं. एकदा ते विसरले, विमान बसलं आणि शिक्षा म्हणून त्यांना कॅन्टीनमध्ये भांडी घासायला धाडलं. तिथं चहा द्यायला सासूबाई होत्या. म्हणजे सेड्रिकराव, तुम्ही आणि थेल्मा जन्माला आलात ते त्या विसरलेल्या टेकूमुळे. हे सांगताना ते हसले, मग रडले. थेल्माही रडली. मीही (मला गोंदाची वाफ लागली होती). नंबर आमचा शेवटचा आला. काडेपेटीतल्या काडीचा टेकू बाबांनी स्वतः लावला.

कळावे,
तुमचा बेसिल

ता. क. कालपासून बाबा गप्प म्हणून बसत नाहीत. मी अंघोळीला गेलो तर दाराबाहेर उभं राहून बोलतात. ऑगस्टभर त्यांना तुमच्याकडे न्याल का? खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. दुसरा. वरचं खोडलेलं समजा. जेवताना मी तुमच्याकडे जायचं सुचवलं, तर ते गप्प झाले. ताटातली पास्टी संपली तरी गप्प. थेल्माचा घास हातातच राहिला. मी उठलो आणि विमानाखालची काडी काढून घेतली. शेपूट खाली आपटलं.

"गाढवा," बाबा म्हणाले.

माझ्या जिवात जीव आला. ऑगस्टमध्ये तुम्हीच इकडे या.