उजव्या हाताची दोरी

८ मार्च १९६३
गळकाठीची दोरी बुडाली! दहा फेकी बऱ्या जातात, अकरावीला रेशीम पाणी पिऊन खाली. बुडालेली दोरी उचलायची म्हणजे मनगटावर भार, आणि माझ्या मित्राचे, दिनानाथचे, दुखणे मनगटाचेच. मोगलसराईला गार्डाच्या डब्यातून पडला. हाड सांधले, जोर परतला नाही. १८ मेला रेल्वेची डॉक्टरी तपासणी. हात चालला नाही तर गार्डकी संपली.

गल्लीत नुसता बावटा हलवायची त्याला लाज वाटते. म्हणून मनगटाच्या सरावाला कुण्या साहेबाच्या लिलावातली ही फ्लाय-फिशिंगची, हलकी दोरी पाण्यावर फेकून मासे धरायची, काठी. गंगेकाठी पंचगंगा घाटावर रोज सकाळी शंभर फेकी. गळ नाही, टोकाला लाल लोकरीचा गोंडा. फेकताना पुटपुटतो — "मागे. थांब. पुढे."

९ मार्च
काशीनाथ नावाडी विचारतो, "का गुरू, मछरी के पढ़ावत हउआ?" मासळीला शिकवतोस का, म्हणे.

१२ मार्च
रेशीम म्हणून आईने सोवळ्याच्या दांडीवर वाळवू दिले. पण दोरी तरंगावी म्हणून चोळतात ती चरबी? आई म्हणाली, "चरबी लावलीस तर दोरीबरोबर तूही बाहेरच वाळ."

१३ मार्च
तूप चोळले. तूप तरंगते, म्हणून तुपाळ दोरी तरंगेल. तरंगली! शंभरच्या शंभर.

१४ मार्च
उंदरांनी दोरीचे चार तुकडे केले. सहा वर्षे न्यायशास्त्र शिकलो. उंदीर अभ्यासक्रमात नव्हता.

२९ मार्च
कलकत्त्याच्या दुकानातून मागवलेली प्लास्टिकच्या लेपाची दोरी आली. तरंगते.

७ एप्रिल
लेपाला चिरा. उन्हात वाळवली मीच, रेशमाच्या सवयीने. टोक पुन्हा बुडू लागले. दिनानाथ पायरीवर बसून म्हणाला, "सोड रे शास्त्री. घरी बसून जप करीन." म्हटले, माळ ओढायलाही मनगट लागते. हसला नाही.

दुकानाला लांब पत्र लिहिले. पुण्याच्या संपादकांना वार्तापत्र धाडताना इतका विचार करत नाही! लेप मऊ हवा, जाड हवा, वाकवल्यावर वळ राहू नये. मी हटणार नाही.

२२ एप्रिल
आली. फिकट पिवळी. बोटाभोवती गुंडाळली, सोडली — वळ नाही. दगडाला घासू नये म्हणून दिनानाथ आता काशीनाथच्या नावेतून फेकतो. नंतर ओल्या फडक्याने पुसायची, सावलीत टांगायची. प्लास्टिकला सोवळ्याच्या दांडीवर जागा नाही. माझ्या पोथ्यांच्या खुंटीवर आहे.

११ मे
एकशे वीस! शेवटचीही तरंगली. त्याची बोटे थरथरत नव्हती. मी पाहतोय हे कळू दिले नाही.

१८ मे
दिनानाथ सकाळच्या गाडीने तपासणीला गेला. वार्तापत्र तीनदा सुरू केले, तीनदा फाडले.

२१ मे
चिठ्ठी आली. तपासणीबद्दल अक्षर नाही. फक्त — 'उद्या आठला राजघाटच्या पुलाखाली ये.' इतकी माणसे चिठ्ठ्या लिहितात, ह्याच्याइतकी कंजूष कोणी नाही. झोप नाही.

२२ मे
पुलावरून गाडी गेली. शेवटच्या, गार्डाच्या डब्यातून उजवा हात, हिरवा बावटा. मागे. थांबला. पुढे.
बावटा असा हलवणे रेल्वेच्या नियमात बसत नसावे.